न सांगता काढलेली डिस्क

साळवे सर चहाचा रिकामा कप उचलायच्या आधी टेबलाला सांगतात, "उचलून राह्यलो हां." समोर कोणी नसलं तरी सांगतात. वाटूरला जीपमधून उतरायचं तर मागच्या सीटवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना सांगून उतरणार, आणि तोवर ड्रायव्हरचं डोकं तापलेलं.

हे खूळ त्यांना कामातून लागलं. जालन्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दवाखान्यांची, क्लासेसची नोंदणी क्लाउडवर सांभाळतो. क्लाउडवरचं मशीन म्हणजे लांब कुठंतरी भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. जागा कमी पडली की चालू मशीनलाच नवी डिस्क जोडायची, सिस्टीम तिला ओळखते. काढताही येते. फक्त आधी सिस्टीमला सांगावं लागतं, म्हणजे ती हातातलं लिहिणं पुरं करून डिस्क सोडते.

"लावायला कोणाला सांगायची गरज न्हाई, काढायला हाय," हे ऐकून पहिल्याच आठवड्यात माझे कान किटले. पाठोपाठ फुशारकी यायचीच, "अकरा वर्षं झाली, एक डिस्क न सांगता काढली न्हाई."

माझी नोकरी पक्की व्हायला चार दिवस राह्यले होते. त्या सकाळी स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. मी शहाणीनं 'सोड' म्हणून सांगितलं क्लासच्या मशीनला आणि डिस्क काढली दवाखान्याची. दवाखान्याचं मशीन जागच्या जागी अडकलं. तिकडं पेशंटची रांग, इकडं फोनवर फोन.

सरांनी मला बाजूला सरकवलं, डिस्क परत जोडली, तपासली. तासाभरात सगळं सुरू झालं. शेवटच्या पाच-सहा नोंदी तेवढ्या गेल्या, त्या पुन्हा भरून घेतल्या.

ऑफिसचे साहेब आले. "कोणी काढली?" लॉगिन आम्हा दोघांचं एकच. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मी. जल्दीत झालं."

साहेब बघतच राह्यले. नव्या लोकांना शिकवायचं काम त्यांनी सरांकडून काढून घेतलं, आणि सरांचा जीव तर त्यातच होता. मी खरं सांगायला निघाले, तर हा माणूस दारात आडवा उभा.

मला रडूही येत होतं आणि रागही. म्हटलं, "सर, अकरा वर्षांचं नाव घालवलंत."

"मंग काय झालं? मी एकटा माणूस. घरी गेलो तर काय झालं म्हणून पुसणारं कोणी न्हाई. तुझी आई रोज दुपारी फोन करती. तिला काय सांगितलं असतंस?"



आता दुपारी आईचा फोन आला की माझं बोलून झाल्यावर मी तो सरांकडे देते. "जेवले का?" आई पिंपळगाव रेणुकाईहून विचारते. सर डबा उघडतात आणि आत काय काय आहे ते तिला एकेक करून सांगतात.