मुकुंदवाडीचा पहारा

चिनू, मीरा,

परवा आपण फोनवर बोलत असताना वरून कुणी तरी ओरडलं, "अरे लेका, जागा सोडू नको!" आणि आजीकडे भांडण चाललंय की काय, असं तुम्ही विचारलंत. भांडण वरच्या मजल्यावर होतं आणि ते अवकाशयानांशी होतं. गैरसमज राहू नये म्हणून तिथं राहणाऱ्या गंगाधररावांविषयी लिहिते.

गंगाधरराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. हाताखालची माणसं गेली, हुकूम सोडायची सवय राहिली. त्यांचा मुलगा संजू कॅनडाला जाताना त्यांना कॉम्प्युटरवरचा एक खेळ शिकवून गेला. अवकाशात ग्रह वसवायचे, यानं बांधायची, शत्रूला अडवायचं. बापलेक दोन देशांतून एकाच बाजूनं खेळायचे. वडिलांनी आपल्या ग्रहाचं नाव ठेवलं चिकलठाणा, संजूनं त्याच्या ग्रहाचं शेजारचीच मुकुंदवाडी.

या खेळात यानं हातानं हाकावी लागतात, नाही तर ती आपल्या अकलेनं चालतात. आणि अक्कल बेताचीच. पहाऱ्यावर ठेवलेली यानं शत्रूचं एखादं फुटकळ यान दिसताच सगळीच्या सगळी त्याच्यामागे धावतात, ग्रह उघडा पडतो. लांबून मारा करणारी मोठी यानं सर्वांत पुढे जाऊन मरतात. माघार घेतात तीही शत्रूच्या मधून. गंगाधरराव कपाळावर हात मारतात, "हुकूम काय, अन् चाललंय काय!"

मला हे समजायला जड गेलं नाही. या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की नेमकं हेच होतं. रांगेत यायचं असं सोसायटीच्या बैठकीत ठरतं आणि ठरवणारेच पाइप घेऊन आधी पळतात. इमारती रोज नव्या, पाणी तेवढंच.

गेल्या रविवारी टँकर येऊन गेला, तरी गंगाधररावांचे ड्रम रिकामेच. ते खाली उतरलेच नव्हते. मी तावातावानं वर गेले. पडद्यावर यानं भलतीकडेच उधळली होती.

"अहो, पाणी गेलं की. यानं ऐकत नसतील तर हातानं हाका, नाही तर बंद करा."

"माझी हातानंच हाकतो, वहिनी. त्यांची काय बिशाद. ही संजूची हायेत."

नोकरी बदलल्यापासून संजूला वेळ नाही. तो येत नाही तोवर त्याची यानं कॉम्प्युटरच चालवतो, ती अशी. त्याला खेळातून वगळलं तर आपण केव्हाच जिंकू, हेही त्यांनीच सांगितलं.

"मग वगळा."

"वगळलं की मुकुंदवाडी पुसली जाती. पोरगं कधी आलंच, तर त्याला त्याचं गाव जागेवर दिसाया नको?"

म्हणून त्यांनी स्वतःची यानं मुकुंदवाडी राखायला तिकडं पाठवली होती. ती तिकडं लढत असताना इकडं शत्रू उतरला.

मी आमच्या टाकीतलं थोडं पाणी त्यांना दिलं. चिकलठाणा पडलं. मुकुंदवाडी अजून आहे.

तुमची आजी