जमिनीवर बसणारे कारखानीस

कारखानीसकाका जुईनगरला आमच्या सोसायटीत राहायला आले आणि पहिल्याच मीटिंगमध्ये खुर्ची बाजूला सारून सरळ फरशीवर बसले. आमचे सेक्रेटरी म्हात्रे घाबरले. त्यांना वाटलं, काकांना चक्कर आली. पाणी मागवलं गेलं.

"मला काही झालेलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "खुर्चीवरून माणसं नीट ऐकू येत नाहीत."

तेव्हापासून बघतोय, दवाखाना असो, मोबाइलचं दुकान असो, काका खालीच. आम्ही नवा सोफा घेतला म्हणून त्यांना कौतुकाने बोलावलं. सोफ्याला पाठ लावून ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, "टेकायला छान आहे."

ही सवय नोकरीतली. खेड्यांमधली गरिबी कमी करायला एका मोठ्या परदेशी विकास बँकेने सरकारला कर्ज दिलं होतं. काका त्या प्रकल्पात होते, वऱ्हाडात. "कर्ज सरकारने फेडायचं," ते सांगतात, "पण पैसा कशाला लावायचा, ते गावातल्या बायकांनी ठरवायचं. आपण ऐकायचं."

मी एकदा म्हटलं, "काका, आपला देश आता तसा गरीब राहिलेला नाही. अजून कशाला ती बँक?"

काका खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिले. "सरासरीत देश वर येतो हो. पण सरासरीत कोणी राहत नाही."

बोलता बोलता ते असे निघून जातात. खाडीवरून वारा येत असतो, पुढ्यातला चहा गार होत असतो आणि काका कुठल्याशा पळसाच्या रानात पोचलेले असतात.

"एकदा बँकेच्या गोऱ्या बाई आल्या गावात. मोठी हॅट. त्यांना वाटलं, बायका रस्ता मागतील, विहीर मागतील. बायकांनी मागितला वजनकाटा."

"काटा कशाला?"

"बकऱ्या तोलायला. व्यापारी बकरी नुसती उचलून बघायचा आणि मनाला येईल तो भाव सांगायचा. काटा आला त्या दिवशी अख्खं गाव जमलं. बकऱ्या झाल्यावर बायकांनी त्या बाईंनाच काट्यावर बसवलं, हॅटसकट."

सोसायटीतही काकांनी हेच केलं, आधी ऐकलं. तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत सगळ्यांना जिम हवी होती. काका पार्किंगमध्ये घरकामाच्या बायकांबरोबर बसले आणि वर येऊन म्हणाले, "त्यांना डबा खायला जागा हवी आहे."

"काका, ही सोसायटी हाय, तुमचा प्रकल्प नाय," म्हात्रे म्हणाले. पण आठवडाभर काका रोज त्यांच्या दाराशी जाऊन बसले, तेव्हा म्हात्रे नरमले. जिम झाली. दुपारी मात्र तिथल्या ट्रेडमिलवर पिशव्या टांगलेल्या असतात आणि पंख्याखाली डबे उघडतात.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या त्या गावातल्या बायका वाशीच्या प्रदर्शनात पापड-मसाले विकायला आल्या आणि उतरल्या काकांकडेच. त्यांच्यातल्या थोरल्या सुमनबाई स्वयंपाकघरात शिरल्या. मी तिथेच होतो. त्यांनी फळीवरून नजर फिरवली.

"साहेब, एकच ताट, एकच पेला. मंग बोलता कोनासंग?"

काका फळीवरचा पेला उचलून पुसायला लागले. सुमनबाईंनी पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरून परात नेली आणि पीठ मळायला घेतलं.

प्रदर्शन संपेपर्यंत त्या घरात भाकऱ्या थापल्या जात होत्या, हसण्याचे आवाज जिन्यापर्यंत येत होते. काका सगळ्यांना पाणी वाढत फिरायचे, लग्नघरातल्या मामासारखे.

रविवारी दुपारी त्या गेल्या. मी काकांना चहाला बोलवायला गेलो. दार सताड उघडं होतं. काका स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून उभे होते.

"चला, चहा टाकलाय," मी म्हटलं.

"येतो थोड्या वेळाने," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात अजून त्यांचं बोलणं आहे. जाताना तेवढं दार लावून घ्याल?"

मी दार अलगद ओढून घेतलं.