चिंचेचा डावा वळसा

एकोणीसशे शहात्तर साली तीर्थपुरीच्या तातेराव गुरुजींनी बायकोला न विचारता एक निर्णय घेतला. (आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा त्यांनी मिशी ठेवली होती. ती तीन दिवस टिकली.) दुभती म्हैस देऊन त्यांनी जालन्याच्या एका निवृत्त फौजीकडून साईडकारवाली मोटारसायकल आणली.

केशरबाईंनी रिकामा गोठा पाहिला, दारातली गाडी पाहिली आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढायच्या, पण ताट असं आदळायच्या की गुरुजी जेवायला बसले हे शेजाऱ्यांनाही कळावं.

आठव्या दिवशी सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झाल्यावर गावातल्या दोन साईडकारची शर्यत ठरली. दुसरी गाडी सायकल दुकानवाल्या सिराजोद्दीनची. बाजारतळावरून निघायचं, वेशीवरच्या चिंचेच्या झाडाला डावा वळसा घालून परत यायचं. सिराजोद्दीनच्या शेजारी त्याचा मेव्हणा बसला होता. गुरुजींच्या शेजारी वजनाला ज्वारीचं पोतं.

सरावात गुरुजी डावीकडे वळले मात्र, साईडकारचं चाक हवेत उचललं गेलं आणि पोतं धुळीत लोळलं.

"गुरुजी, वळताना बाजूच्यानं बाहेर झुकावं लागतं," सिराजोद्दीन ओरडला. "पोत्याला काय समजतंय!"

सगळा बाजारतळ हसला. केशरबाईंना ते बिलकुल आवडलं नाही. या माणसाला हसायचा हक्क त्यांच्या एकटीचा होता. त्या गर्दीतून आल्या, पदर खोचला आणि साईडकारमध्ये जाऊन बसल्या. नजर समोर, तोंड बंद.

शर्यत सुटली. चिंचेपाशी गुरुजींनी हँडल वळवलं, आणि न सांगता केशरबाई बाहेर झुकल्या, इतक्या की बांगड्या जमिनीला टेकतील. चाक जमिनीला चिकटून राहिलं. वीस वर्षांच्या संसारात आपण दोघं एकाच वेळी एकाच बाजूला कधी कललो होतो, ते गुरुजींना आठवेना. सिराजोद्दीन पार मागे पडला.

बाजारतळ शंभर पावलांवर आला असताना केशरबाई काहीतरी ओरडल्या.

आठ दिवसांनी! गुरुजींनी करकचून ब्रेक दाबला, गाडी थांबवली, पाय टेकला.

"काय म्हणालीस?"

"जल्दी चालवा म्हणलं!"

सिराजोद्दीन हात हलवत बाजूनं निघून गेला.

"आवं, जिंकून राह्यलो होतो ना आपण! कशाला थांबलात?"

"तू बोललीस म्हणून," गुरुजी म्हणाले.

केशरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या, ते हसू काही थांबेना.

घरी जाताना त्या सारखं बोलत होत्या. इंजिनाच्या फटफटीत गुरुजींना अक्षर ऐकू येत नव्हतं. ते नुसते आनंदानं "हो, हो" करत होते. दारात उतरल्यावर केशरबाईंनी आतून पिठाचा डबा आणून त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"आज भाकरी तुम्ही थापता का, इचारलं न्हाई का? दोनदा हो म्हणलात!"

गुरुजी चुलीपुढे बसले. पाणी कमी घाला, हात हलका ठेवा, असं शेजारून अखंड चालू होतं आणि ते त्यांना फार गोड वाटत होतं. मोठ्या प्रेमानं त्यांनी दोन भाकरी केल्या.

दारातल्या शेळीनं दोन्ही हुंगल्या आणि तोंड फिरवलं.