हळदीच्या पिंपातलं चौथं कडवं

गाणं कुणाच्या मालकीचं असतं? लिहिणाऱ्याच्या, ऐकणाऱ्यांच्या, की कॅसेट ज्याच्या घरात पडून आहे त्याच्या? उत्तर मनाशी ठरवा आणि माझ्याबरोबर कुरुंद्याला उस्मानचाचांकडे चला. परतताना बोटं पिवळी झाली तर कुरकूर करू नका.

शाहीर सुदामकाका स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, स्वतःच गायचे. त्यांचा माईक आणि रेकॉर्डिंग सांभाळायचे रेडिओ दुरुस्तीवाले उस्मानचाचा. शाहीर गेले तेव्हा त्यांचे कागद, पोस्टरं, पत्रकं आणि कॅसेटी चाचांनी घरी आणल्या आणि हळदीच्या रिकाम्या पिंपांत भरल्या. कसर लागू नये म्हणून वरून हळदही भुरभुरली. कॅसेटी पिशव्यांत होत्या, त्या वाचल्या. कागदांना कसर लागली नाही, पण जयंतीची निळी पोस्टरं हिरवट झाली.

“शाहीर असते तर म्हणले असते, उस्मान्या, केलास ना आमचा झेंडा हिरवा,” असं चाचा दर पाहुण्याला सांगतात आणि पाहुण्याआधी स्वतःच हसतात.

त्यांचं लाडकं वाक्य एकच: “तकलीफ काय हाय?” हे ते रेडिओला विचारतात, दारातल्या शेळीला विचारतात, मलाही विचारतात. रेडिओ लवकर उत्तर देतो, असं त्यांचं मत आहे.

माझी तकलीफ पाणवठ्याच्या गाण्याची होती. ते आमच्याकडं लेकराबाळांना पाठ आहे, पण तीनच कडवी. चौथं शाहिरांनी एकदाच गायलं, एका जयंतीला, आणि त्याची कॅसेट फक्त चाचांकडं. कुणी ऐकायला गेलं की चाचा तीन कडवी वाजवतात, खटकन बटण दाबतात आणि म्हणतात, “पुढं फीत खराब हाय.” मग चहा येतो. लोक चहा पिऊन परत जातात.

आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. अर्धं गाणं मला सहन होत नाही. शिवाय कॅसेटी दर उन्हाळ्यात थोड्या थोड्या मरतात. गाणं उतरवून घ्यायला मी लॅपटॉप घेऊन गेले, ती कॅसेट उजेडात धरली. पुढची फीत अगदी साफ होती.

मग मी भाषण केलं. गाणं समाजाचं आहे, एका माणसाच्या पिंपाचं नाही. पाणवठा खुला करणारं गाणं तुम्हीच कुंपणात ठेवलंत, असं बरंच काही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग कापसाच्या बोळ्यानं टेपचं हेड साफ करायला लागले.

“एकदाच वाजवीन,” ते म्हणाले. “वाजवलं की झिजतं. आन् मधलं काही कापायचं न्हाई.”

तीन कडवी झाली. ढोलकी थांबली. माईक खरखरला आणि एका बाईचा आवाज आला, “अजी, कहाँ हो तुम? डब्बा लेके कब की खडी हूँ.”

गर्दी हसली. त्यावर शाहिरांचा आवाज आला: “उस्मान, जिथं असशील तिथून ये. भाभी आल्यात. तू आल्याबिगर पुढचं कडवं न्हाई.”

मग नुसता गलका. कुणीतरी शिट्टी मारली, एक पोरगं रडलं. बऱ्याच वेळानं शाहीर म्हणाले, “आला बघा. ढोलकीवाल्या, धर आता.”

आणि चौथं कडवं सुरू झालं. त्यात पाणी भरायला आलेली बाई घागर उचलून बाजूला होते, मागच्यांना जागा करून देते.

“आवाज कुठवर पोचून राहिला ते बघाया गर्दीच्या टोकाला गेलतो,” चाचा म्हणाले. दर कार्यक्रमात जायचे. जैबुनचाची त्या दिवशी एस्टीनं डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. “फोटो हायत तिचे. आवाज एवढाच हाय.”

मी लॅपटॉपवर उतरलेलं गाणं त्यांना ऐकवलं. मग विचारलं, “चाचा, तकलीफ?”

“न्हाई,” ते म्हणाले. “बराबर आलंय. आता झिजायचं न्हाई ना?”

मी न्हाई म्हणाले.

गाणं आता एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातं आहे. हिंगोलीचा एक डीजेवाला दोस्त परवा विचारत होता, मधली बडबड उडवू का? मी त्याला नाही म्हटलं. तुम्हालाही आधीच सांगून ठेवते. हे गाणं तुमच्याकडं येईल. चौथ्या कडव्याची घाई होईल. तरी मधलं कापू नका, बोटानं पुढं सरकवू नका. चाचा गर्दीच्या त्या टोकावरून येऊन राहिलेत. ते पोचेपर्यंत थांबा.