फळांचे पदर आणि सासरेबुवा

ब्रेड मशीन घरात आलं त्याच दिवशी मी जाहीर केलं, "रविवारी बाबांना माझ्या हातचा, फळांचे थर घातलेला पदरी ब्रेड खायला घालणार!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शल्यविशारदाला केळं सोलून दाखवणार आहे. बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस! दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असहकार पुकारला, बेकरी बंद झाली आणि तेव्हापासून त्यांनी पिठाला हात म्हणून लावला नव्हता. दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुका काढत.

"अहो, साधा ब्रेड करा. पदर कशाला?"

"मळायचं काम मशीनचं, फुगवायचं मशीनचं. मी फक्त पदर घालायचे. चुकायला जागाच कुठेय?"

जागा भरपूर होती.

रविवारी सकाळी मैदा, दूध, लोणी, यीस्ट सगळं भांड्यात ओतून मी बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरात आली. ओट्यावर यीस्टची पुडी जवळपास भरलेली पाहून तिला वाटलं, हे विसरले! प्रेमाने तिनेही दोन चमचे यीस्ट टाकलं. तासाभराने मी पाहतो तर मशीनचं झाकण टोपीसारखं वर उचललेलं आणि खालून पीठ शेजाऱ्यासारखं डोकावतंय!

"हे एवढं कसं फुगलं?"

"छानच की! मी यीस्ट घातलं ना, तुम्ही विसरला होतात."

पीठ आत दाबता दाबता मी कपाळावर हात मारला. तो पिठाचा होता.

अर्धं पीठ काढून पातेल्यात कोंबलं. उरलेलं जेवणाच्या टेबलावर लाटलं, त्यावर सफरचंदाचे काप, मनुका, जर्दाळू पसरले. चौकोन कापले, एकावर एक रचले आणि ती थप्पी अलगद मशीनमध्ये उभी केली. इतकी देखणी, की मी तिचे चार फोटो काढले! मग रुबाबात बटण दाबलं.

खरं तर फक्त भाजायचं बटण दाबायचं होतं. मी दाबलं पहिल्यापासून सुरू करायचं!

घर्रर्र! तळातलं पातं माझ्या पदरांवर तुटून पडलं. मनुका टपाटप झाकणावर आपटायला लागल्या. मशीन थरथरत ओट्याच्या कडेकडे निघालं. मी त्याला मिठी मारली आणि ओरडलो, "वायर काढ! वायर!"

बायकोने वायर काढली. फ्रिजची!

नेमके तेव्हाच बाबा दारात उभे. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी!

"बाबा, तुम्ही बाहेर बसा ना," बायको म्हणाली.

ते सरळ आत आले. मशीनमध्ये डोकावले. आत करड्या रंगाचा ठिपकेदार चिखल गरगरत होता. त्यांनी स्वतः मशीन बंद केलं आणि नाक वर करून हुंगलं.

"यीस्ट कोणी घातलं?"

"मी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग त्यांना ओट्यावरचं पातेलं दिसलं. पीठ काठावरून उतू चाललं होतं. बाबांनी त्यात एक बोट खुपसलं आणि तिथेच थांबले. मला वाटलं, आता उद्धार होणार.

"जीव आहे याच्यात अजून," ते हळूच म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. "लोणी आणा. आणि जावईबापू, तुम्ही तेवढे बाजूला व्हा."

पुढे जे झालं ते मी भिंतीला टेकून पाहिलं. लाटलं, लोणी फासलं, फळं, घडी, पुन्हा लाटलं. गुडघ्यांची कुरकुर नाही, कुणाची चूक काढणं नाही. बायको त्यांच्याकडे बघत होती आणि पदराने डोळे टिपत होती. मला म्हणाली, पीठ गेलंय डोळ्यात. मशीनमधला चिखल काढून ब्रेड त्यातच भाजला आणि कापला, तेव्हा आत पदर असे, जसे वहीचे कागद!

"बाबा, काय सुरेख झालाय!" बायको म्हणाली.

"यांनी इतकं बिघडवलं नसतं, तर मी कशाला हात घातला असता?" बाबा म्हणाले. माझं कौतुक झालं की कसं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आता ते दर रविवारी सकाळीच येतात. स्वयंपाकघर त्यांचं आणि लेकीचं. मी भांडी घासतो. परवा ते बायकोला सांगत होते, "जावई भांडी मात्र छान घासतात हो!"

बायको म्हणते, इतकं चांगलं ते आजवर कुणाबद्दलच बोललेले नाहीत.