चेअरमनसाहेबांची कवळी

सोसायटीच्या निवडणुकीच्या दिवशी सकाळी धुताना चेअरमनसाहेबांची कवळी हातातून निसटली, बेसिनवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

"झालं!" बायको म्हणाली. "अहो, आता संध्याकाळी सभेत भाषण कसं करणार?"

साहेबांना कवळी आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं, बायकोला आणि दातांच्या डॉक्टरांना. बाकी सगळी सोसायटी दरवर्षी त्यांच्या हसण्याला भुलून मत देत आली होती.

डॉक्टरांचा दवाखाना हाकेच्या अंतरावर, सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच. त्या भिंतीत पूर्वी एक छोटं दार होतं. साहेबांनी सुरक्षेच्या नावाखाली ते विटांनी बुजवून घेतलं. आजूबाजूच्या सोसायट्यांनीही त्यांचाच कित्ता गिरवला आणि आपापल्या गल्ल्यांना फाटकं लावली. आता त्या भागातली झाडून सगळी वाहनं उरलेल्या एकुलत्या एक रस्त्यावर येऊन तुंबत. त्या रस्त्याने कवळी पोचवून येईपर्यंत बायकोची सगळी सकाळ गेली होती.

"आणायला मी काही पुन्हा जायची नाही," ती म्हणाली. "दार बुजवलंत तुम्ही, आता तुम्हीच निस्तरा."

शेवटी डॉक्टरांनीच फोनवर तोड काढली. "कवळी जोडून झालीय. डबी भिंतीवरून टाकतो, खाली उभे राहा आणि झेला."

साहेब तोंडाला रुमाल लावून भिंतीखाली उभे राहिले. डबी आली, हातातून सुटली आणि बुजवलेल्या दारापाशी जाऊन पडली. त्याच क्षणी भिंतीवरचा सायरन कोकलू लागला. तोही अर्थात साहेबांनीच बसवलेला.

वॉचमन धावत आला. साहेब डबीकडे झेपावले, तसा तो आडवा आला.

"साहेब, हात नका लावू! भिंतीवरून आलेली वस्तू संशयास्पद. खुद्द चेअरमन आला तरी हात लावू द्यायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंय."

ती आपली कवळी आहे एवढं सांगितलं असतं तर डबी मिळाली असती, पण इभ्रत गेली असती. साहेबांनी तोंडावरचा रुमाल आणखी घट्ट धरला. दातओठ खावेत, तर तीही सोय नव्हती.

सायरन वाजला की सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, हा साहेबांचा आणखी एक नियम. आणि चोर पळू नये म्हणून मुख्य फाटक आपोआप बंद व्हायचं, हा त्याच्यावर कडी करणारा. बघता बघता सगळी सोसायटी खाली उतरली आणि फाटकापाशी कोंडून पडली. फाटक उघडून देणारा सायरनच्या कंपनीचा माणूस निघाला होता, पण तो त्याच एकुलत्या एक रस्त्यावर अडकला होता.

"माझी मुलगी पलीकडे शाळेच्या दारात ताटकळत असेल हो!" एक आई रडकुंडीला आली.

"मलाही दवाखान्यात जायचंय," एक आजोबा म्हणाले. "तो तर त्या विटांच्या मागेच आहे ना?"

सगळे मागच्या भिंतीकडे निघाले. कुणाचा तरी नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरही त्यांच्यात अडकला होता. त्याने विटा ठोकून पाहिल्या. "कच्चं काम आहे. आत्ता पाडतो," म्हणत त्याने हातोडा उचलला.

विटा पडणार होत्या त्या नेमक्या डबीवर! वॉचमनला ढकलून साहेब धावले आणि त्यांनी प्लंबरचा हातोडा हिसकावून घेतला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! साहेब स्वतः फोडणार!"

"चेअरमन असावा तर असा!"

हातात हातोडा, समोर मतदार आणि तोंडाचं बोळकं. साहेबांनी पायाने डबी हळूच बाजूला सारली, डोळे मिटले आणि घाव घातला.

विटा कोसळल्या. आई शाळेकडे धावली, आजोबा दवाखान्यात शिरले. त्या गडबडीत साहेबांनी डबी उचलली आणि रुमालाआड कवळी बसवली. एवढ्यात भगदाडातून डॉक्टरांचं डोकं आत आलं.

"काय साहेब, घट्ट बसली ना?"

साहेबांनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

संध्याकाळी ते एकमताने निवडून आले. भिंत आणखी उंच करायची, असं सांगणारं भाषण खिशात होतं. ते त्यांनी खिशातच राहू दिलं. माइक हातात घेऊन ते तोंडभर हसले.

"मित्रहो, या भिंतीला दार हवं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसलेली बायको स्वतःशीच पुटपुटली, "मला आपलं वाटत होतं, यांचे दातच तेवढे खोटे आहेत."