लिफ्टमधला हुंकार

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, लिफ्ट असलेली एक इमारत होती. तीत राहायची एक बडबडी म्हातारी, तिचा हुन्नरी मुलगा, हुशार सून आणि एक नात. म्हातारी म्हणजे मी. (बडबडी हे सूनबाईचं म्हणणं. मी नुसती बोलकी आहे.)

मुलगा खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा त्याने स्वतःचा धंदा काढला. कुरकुर घालवायचा. कुणाचं दार रडतं, कुणाची खाट कण्हते, कुणाच्या कपाटाला उघडताना उचकी लागते. हा जायचा, बिजागरीला कान लावायचा, इथे थेंबभर तेल, तिथे स्क्रूला एक पीळ, की वस्तू मुकी. हातात जादू होती, पण जिभेचं काय करणार? गिऱ्हाईकाने "तुम्ही करता काय?" असं विचारलं की हा आपल्या वडिलांच्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात करायचा. गोष्ट तेलाच्या डबीपर्यंत पोचेतो गिऱ्हाईक घरी जाऊन, जेवून, झोपलेलं असायचं. (हे वळण त्याने कुणाचं उचललं ते विचारू नका.)

काम मिळेना. सूनबाईच्या भावाचं दूरच्या शहरात गोदाम आहे. त्याचा निरोप आला, "महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर सगळे इकडे या. दाजींना कामाला लावतो, खोलीही देतो." खोली एक. त्यात मुलगा, सून आणि नात कशीबशी मावणार.

"आई, तुम्हीही चला. दाटीवाटीने राहू," सूनबाई म्हणाली.

"मी कुठे येऊ, माझा गुडघा इथल्याच डॉक्टरला ओळखतो," मी म्हटलं. "मी राहीन इथे. भिंतीला गोष्टी सांगेन."

म्हटलं खरं. पण भिंत कधी हुंकार देते का?

या हुंकाराचं आधी सांगायला हवं. आमच्या घरची रीत अशी, की गोष्ट सांगणाऱ्याने एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. ऐकणाऱ्याने म्हणायचं, "मग?" की पुढचं वाक्य. "मग?" आलं नाही, तर ऐकणारा झोपला असं समजून गोष्ट तिथेच मिटायची. माझा मुलगा या "मग?"वरच वाढला. आता नात वाढतेय.

तर त्याच सुमारास शेजारच्या शिंपीणबाई दवाखान्यातून घरी आल्या. मी भेटायला गेले. म्हणाल्या, "आजी, ऑपरेशनचं काही वाटलं नाही. जीव घेतला तो तिथल्या दारांनी. सगळी कुरकुरतात."

मी उड्या मारतच घरी आले. (गुडघ्याच्या मानाने उड्याच.) दवाखाना रस्त्यापलीकडच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, मालकीण एक डॉक्टरीणबाई. मुलगा गेला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडमना वेळ नाही." पुन्हा गेला, पुन्हा तेच.

सूनबाईने कुठल्याशा धंद्याच्या क्लासला चार दिवस हजेरी लावली होती. ती म्हणाली, "त्या रोज सकाळी लिफ्टने वर जातात ना? तेव्हाच गाठायचं. याला एलिव्हेटर पिच म्हणतात. लिफ्ट वर पोचायच्या आत आपला धंदा सांगून मोकळं व्हायचं."

"एवढ्यात तर माझा घसा साफ होतो," मुलगा म्हणाला.

"घसा घरून साफ करून जा."

तिनेच बोलणं रचून दिलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे एकदा ऐकलेलं डोक्यात बसतं. ते असं होतं:

"तुमची दारं कुरकुरतात. कुरकुरीने पेशंट जागा होतो. जागा झालेला पेशंट नर्सला हाक मारतो. नर्स येते, ती दार उघडते. दार पुन्हा कुरकुरतं. ही कुरकुर मी कायमची घालवतो. दारं, खाटा, चाकांच्या खुर्च्या. एक दार फुकट करून दाखवतो."

काय सुरेख. तालीम आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये. मुलगा मुलगाच, आणि डॉक्टरीणबाई मी. सूनबाईने बजावलं, "आई, तुम्ही फक्त ऐकायचं." मी ऐकत होते. पण तो एक वाक्य बोलून थांबला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मग?"

त्याने पुढचं वाक्य घडाघडा म्हटलं. मी पुन्हा "मग?" लिफ्ट वर पोचायच्या आत पिच पुरी. आम्ही दिवसभर वर-खाली केलं. तळमजल्यावरचे काका भाजीच्या पिशव्या घेऊन खोळंबले, ते म्हणाले, "आजी, लिफ्ट भाड्याने घेतलीत का?" मी म्हटलं, "धंद्याचं आहे." सूनबाईसुद्धा खूश झाली. एवढी शिकलेली, पण काय बिघडतंय ते तिलाही कळलं नाही, मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि उकडलेल्या बटाट्यासारखं तोंड करून परतला.

"काय झालं रे?"

"लिफ्टमध्ये दोघंच होतो. मी म्हणालो, तुमची दारं कुरकुरतात."

"मग?" मी विचारलं.

"तेच तर. त्या 'मग?' म्हणाल्याच नाहीत. फोनमध्ये बघत राहिल्या. मी थांबलो. पाचव्या मजल्यापर्यंत थांबलो. त्या उतरल्या."

म्हणजे त्या बाईंना एवढंच कळलं, की एक अनोळखी माणूस लिफ्टमध्ये येतो, त्यांच्या दारांना नावं ठेवतो आणि गप्प उभा राहतो.

सूनबाईने कपाळाला हात लावला. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी नातीची वेणी घालायला घेतली. (ती आधीच घातलेली होती.)

"त्याची सवय आता सुटायची नाही," मी म्हटलं. "उद्या मीही जाते लिफ्टमध्ये. अनोळखी म्हातारी म्हणून. नुसतं 'मग?' म्हणेन."

"नुसतं?" सूनबाई म्हणाली.

"शपथ."

सकाळी लिफ्टमध्ये एका कोपऱ्यात मी, दुसऱ्या कोपऱ्यात मुलगा, मध्ये डॉक्टरीणबाई. दार लागलं. मुलगा म्हणाला, "तुमची दारं कुरकुरतात."

"मग?" मी म्हटलं.

बाईंनी फोनमधून डोकं वर काढलं. मुलगा पुढे म्हणाला, "कुरकुरीने पेशंट जागा होतो." मी "मग?" म्हटलं. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात मला दिसलं, की याची कॉलर एका बाजूने आत दुमडलीय. मी हात लांब केला आणि कॉलर नीट केली. हात तिथे होताच, म्हणून खांद्यावरचा दोराही काढला.

"हे तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. अनोळखी."

"आई, पुढे बोलू का?" मुलगा म्हणाला.

गेलंच सगळं. तरी मी "मग?" म्हटलं. त्याने पेशंटला हाक मारायला लावली, नर्सला आणलं, दार उघडलं, "दार पुन्हा कुरकुरतं" म्हणाला, आणि पाचवा मजला आला. बाई उतरल्या. माझ्या डोळ्यांसमोर गोदाम, ती एक खोली आणि माझी भिंत.

बाईंनी दवाखान्याचं दार ढकललं. ते असं कण्हलं, की आतून कुणी तरी म्हणालं, "सिस्टर..."

बाई थबकल्या. मागे वळल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मग?"

आणि लिफ्टचं दार लागलं.

लिफ्ट निघाली खाली. माझा मुलगा बंद दाराला तोंड लावून ओरडतोय, "ही कुरकुर मी कायमची घालवतो." दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर एक वकीलसाहेब. त्यांना खाटा आणि चाकांच्या खुर्च्यांचं सगळं ऐकायला लागलं. तळाला जाऊन आम्ही पुन्हा वर आलो. बाई तिथेच उभ्या होत्या, दाराला हात लावून.

"गोष्ट अर्धी ठेवून कुठे गेलात?" त्या म्हणाल्या.

मुलाने पिशवीतून डबी काढली, गुडघ्यावर बसला, बिजागरीला कान लावला. बाईंनी दार ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. काही नाही. त्या फक्त हसल्या.

दवाखान्याचं वर्षभराचं काम लागलं. त्यांनी आणखी दोन दवाखान्यांत नाव सांगितलं, आणि वकीलसाहेबांनीही ऑफिसची खुर्ची दाखवायला बोलावलं. सूनबाईने भावाला कळवलं, "आम्ही येत नाही." अशी ही पाच मजल्यांची कहाणी. लेकरं घरात राहिली, घर नांदतं राहिलं.

आता मुलाने आपल्या घरचंही दार मुकं करून टाकलंय. परवा मी सगळ्यांना हीच गोष्ट सांगत होते. डोळे मिटून सांगायची माझी सवय. लिफ्टपर्यंत आले, थांबले, "मग?" येईना. डोळे उघडले तर खोलीत कुणी नाही. शेजारच्या खोलीत तिघं खुसखुसत होती. पूर्वी दार कुरकुरायचं, तेव्हा निदान पळताना पकडता तरी यायची.

उरलेली गोष्ट मी भिंतीला सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली.